मशीननं सुधारलेला वग

१

शेळी चोरीला गेली तर निदान रिकामं दावं तरी दाखवता येतं. वग चोरीला गेल्यावर माणसानं काय दाखवावं? चिमाबाई पिंपरीकरांच्या पेटीचं कुलूप शाबूत होतं, फडातल्या प्रत्येकाला आपापली बोलणी तोंडपाठ होती, आणि तरीही त्यांचा 'बिबट्याची साक्ष' हा कोरा करकरीत वग काल रात्री बेल्ह्याच्या यात्रेत भागू गिरवलीकराच्या फडानं वाजतगाजत करून टाकला होता.

मॅनेजर हौशीराम ही खबर घेऊन आला तेव्हा चिमाबाई नारायणगावात आपल्या राहुटीपुढं बसून मिसरी लावत होत्या. चैत्रात तिथं रस्त्याच्या कडेनं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, राहुटीराहुटीत चहा ढोसतात, कुणाच्या फडात काय नवीन आहे ते हुंगतात आणि मग आपल्या यात्रेची सुपारी देतात. २००४ सालच्या त्या हंगामात चिमाबाईंची सगळी मदार या एका वगावर होती. जुन्नर तालुक्यात बिबट्यांनी नुसता उच्छाद मांडला होता, आणि अशा वेळी बिबट्यालाच कोर्टात साक्षीला उभा करणारा वग म्हटल्यावर लोकांच्या उड्या पडणार होत्या. पहिला प्रयोग आजच रात्री पिंपळवंडीला व्हायचा होता.

"बाई, घात झाला," हौशीराम म्हणाला. "आपला वग भागूनं केला."

"सपनात का?"

"बेल्ह्यात. बिबट्या, कोर्ट, जज्ज, समदं तेच. सकाळी दुधाच्या गाडीवरच्या मानसांनी सांगितलं."

चिमाबाईंनी सावकाश चूळ भरली. तेवढ्या वेळात त्यांनी दोन गोष्टी ठरवून टाकल्या. एक, वग आज पिंपळवंडीत लागणारच. दोन, फडाचा ट्रक निघायच्या आत वग कुणी फोडला ते कळलंच पाहिजे.

तमाशात वगाचे कागद वाटत नाहीत. लेखक माघात सतरंजीवर बसून सगळा वग वाचून दाखवतो, नारळ फुटतो, लेखकाच्या हातात विडा दिला जातो, आणि त्या घटकेपासून वग त्या फडाचा होतो. पुढं ज्यानं त्यानं आपलं बोलणं कानानं उचलायचं आणि आपल्या तोंडाला बसेल तसं वळवायचं. त्यामुळं वग बाहेर गेला म्हणजे फडातल्याच कुणीतरी तो तोंडानं बाहेर नेला, असं सगळे धरून चालतात.

हौशीरामनंही तेच धरलं होतं. "परवा जानकूभाऊ भागूच्या राहुटीत चहा पीत बसला व्हता. ढोलकीवाल्यानं ह्या डोळ्यांनी बघितलं. फडातली मानसं म्हनत्यात, जानकू ट्रकात बसला तर आमी बसनार न्हाई."

जानकू म्हणजे फडाचा सोंगाड्या. वीसेक वर्षं चिमाबाईंबरोबर राबलेला माणूस. राजा काही बोलला की त्याचे शेवटचे शब्द आपल्या ढंगात पुन्हा म्हणायचे, म्हणजे पार मागं झाडावर चढून बसलेल्यालाही कळतं आणि ढोलकीवाल्याला थापेची जागा मिळते. हे जानकूचं काम, आणि ते त्याच्यासारखं करणारा दोन तालुक्यांत दुसरा नव्हता. पण वग फोडणाऱ्या माणसाला कुठलाच फड उभा करत नाही. हा डाग बसला की जानकूनं घरी बसायचं आणि लोकांच्या नजरा झेलत मरायचं.

चिमाबाईंनी त्याला बोलावलं. तो आला आणि पेटीपाशी उभाच राहिला.

"भागूकडं गेला व्हतास?"

"व्हय."

"कशाला?"

जानकूनं मान खाली घातली. ज्या माणसाचं तोंड झोपेतही बंद नसायचं तो नुसता पेटीच्या कुलपाकडं बघत होता.

"वग दिलास का त्याला?"

"न्हाई, बाई."

"मग कशाला गेला व्हतास ते सांग की. मोकळा व्हशील."

"ते न्हाई सांगता याचं," जानकू म्हणाला, आणि राहुटीच्या मागं जाऊन आपली ट्रंक भरायला लागला.

२

यात्रेत रात्रीच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. तीच माणसं, तोच फड, फक्त डोक्यावर ऊन. चिमाबाईंनी जीप काढली आणि एकट्या ड्रायव्हरला घेऊन बेल्हं गाठलं. हौशीराम बरोबर यायला बघत होता, त्याला त्यांनी राहुटीवरच बसवून ठेवलं. कुणाचा संशय घ्यायचा अजून ठरलं नसेल तर सगळ्यांचाच थोडाथोडा घ्यावा, असा बाईंचा हिशेब होता.

रात्री गर्दीत ज्यांना काही दिसलं नव्हतं त्यांच्या आग्रहावरून हजेरीत कोर्टाचा प्रवेश पुन्हा लागला. चिमाबाई जीपमध्ये डोक्यावरून पदर ओढून बसल्या आणि आपलंच लेकरू दुसऱ्याच्या अंगावर बघावं तसं बघत राहिल्या. सगळं तेच होतं. गावातली शेळी कुणी नेली यावर सरपंच आणि सावकार यांची भांडणं, दोघंही बिबट्यावर ढकलतात, आणि जज्ज म्हणतो, मग बिबट्यालाच बोलवा.

शिपायाचं काम भागूचा सोंगाड्या करत होता. तो पुढं आला, म्हणाला, "बिबट्या हाजिर हो!" आणि बिबट्याचं कातडं पांघरलेला गडी लगेच आत आला. जज्जनं शपथ घ्यायला सांगितली. बिबट्यानं घेतली.

लोक बघत होते. शेंगा खात होते. मधूनमधून कुणी खोकत होतं.

चिमाबाईंना काहीतरी खटकलं. काय ते नेमकं सापडेना. भागूचा सोंगाड्या काही नवखा गडी नव्हता. भर मंडपात पाटलाच्या पागोट्याची थट्टा करून वर त्याच्याकडूनच फेटा घेणारा तो माणूस आज शाळेत कविता म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखा हात बांधून बोलत होता. जज्जची वाक्यंही तुकड्यातुकड्यानं पडत होती. इतका हसरा वग, आणि तालुक्यातली ही हसरी माणसं गप्प. गाणं सुरू झालं आणि बाईंच्या हाती लागू बघणारी गोष्ट निसटून गेली.

परतीच्या वाटेवर आळेफाट्याला त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "तुला कसा वाटला रं?"

"बरा व्हता," ड्रायव्हर म्हणाला. "पर बाई, एखाद्यानं पेपर वाचून दाखवावा तसं वाटलं."

चिमाबाईंनी एकदम त्याच्याकडं बघितलं. "जीप राहुटीवर न्हाई न्यायची," त्या म्हणाल्या. "शफीच्या दुकानावर घे."

३

शफीचं कॉम्प्युटर सेंटर नारायणगावच्या बसस्टँडजवळ होतं. पुढं झेरॉक्सचं मशीन, आत दोन कॉम्प्युटर, त्यांच्यावर त्याच्या आईनं विणलेली झाकणं. लग्नपत्रिका, तमाशाची पोस्टरं, शाळांचे पेपर असं सगळं तो टाइप करून द्यायचा. वर्षभरापूर्वी त्याच्या चुलतभावानं, दानियालनं, पुण्यातून एक सॉफ्टवेअर करून दिलं होतं. त्यात मराठी मजकूर घातला की ते लिहिणाऱ्याच्या चुका आणि सवयी दाखवायचं, आणि शेवटी शंभरपैकी मार्कही द्यायचं. तालुक्यातल्या दोन हेडमास्तरांना त्यानं नापास केल्यापासून शफीचा भाव वधारला होता.

'बिबट्याची साक्ष'चा लेखक सुदर्शन गुरुजी. मंचरजवळच्या एका हायस्कुलात शिकवणारा तिशीतला माणूस. माघातलं वाचन झाल्यावर वगाचं पुस्तक काढायचं त्याच्या मनात आलं आणि त्यानं वग शफीकडं टाइपला दिला. मग तो मशीनकडून सुधारून घेतला. सुधारलेली एक प्रत त्यानं हौशीरामच्या हातून चिमाबाईंना पाठवली होती आणि मागोमाग स्वतः येऊन म्हणाला होता, आता तालीम हिच्यावरून करा. बाई तेव्हा हसल्या होत्या. "गुरुजी, तोंडात बसलं ते बसलं," असं म्हणून त्यांनी ते पाकीट न उघडताच पेटीत टाकून कुलूप लावलं होतं.

"शफी, गुरुजीच्या वगाचं तुज्या मशीननं काय केलं ते मला दाखव," चिमाबाई खुर्ची ओढत म्हणाल्या.

"दिखाता की! बसा बाई, चहा सांगतो." शफीनं फाइल उघडली. "हे बघा. लाल रेघ म्हणजे वाक्य लांबलं. निळी म्हणजे शब्द अवघड. आणि हिरवी म्हणजे तेच तेच परत आलं. गुरुजी पूरा दिन इथं बसले होते. मशीन म्हणेल ते मान्य, मान्य, मान्य. सुरुवातीला एकावन्न मार्क होते. ब्याण्णव झाले तेव्हाच उठले. जाताना मला पेढे दिले."

पडदा हिरव्या रेघांनी भरून गेला होता. चिमाबाई पुढं वाकल्या. जज्ज बोलला की त्याचं शेवटचं बोलणं सोंगाड्या पुन्हा म्हणतो, त्या प्रत्येक जागी हिरवी रेघ होती.

"ह्ये समदं काढलं?"

"मशीनला काय माहीत बाई, कोण कुठं बसून ऐकतंय? त्याला दिसतंय की वाक्य रिपीट झालं. फालतू. काढा."

"कोर्टाचा परवेश दाखव."

शफीनं पान खाली सरकवलं. तिथं एकाखाली एक तीन ओळी होत्या. 'बिबट्या हाजिर हो.' 'बिबट्या हाजिर हो.' 'बिबट्या हाजिर हो.' खालच्या दोन्हींवर हिरवी रेघ होती आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, पुनरुक्ती, वगळावी.

चिमाबाईंनी मांडीवर थाप मारली. बेल्ह्यात निसटलेलं ते हेच होतं. कोर्टाचा शिपाई तीनदा पुकारतो, हे बांधाच्या भांडणापायी जुन्नरच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या या तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. जानकू तर पहिल्या पुकाऱ्याला दाराकडं बघायचा, दुसऱ्याला वगातल्या सरपंचाकडं आणि तिसऱ्याला थरथरत जज्जच्या टेबलाखाली शिरायचा. नुसत्या तालमीतच माणसं गडाबडा लोळत होती. बेल्ह्यात शिपायानं एकदाच पुकारलं आणि बिबट्या पाहुण्यासारखा आत आला.

म्हणजे वग तोंडानं गेलाच नव्हता. तो या मशीनमधून बाहेर पडलेल्या कागदावरून गेला होता, आणि जानकूनं तो कागद डोळ्यांनी बघितलेला नव्हता.

"शफी, ह्यो सुधारलेला वग कुनाकुनाच्या हाताला लागला?"

"एक प्रत गुरुजींनी नेली. एक हौशीरामभाऊंनी नेली, तुमच्यासाठी. आणि इथं माझ्याकडं मशीनमध्ये आहे." बोलता बोलता शफीचा चेहरा उतरला. "या अल्ला! बाई, म्हणजे मी पण आलो का यात?"

"तू तर पयला आलास," चिमाबाई म्हणाल्या आणि त्याच्यासाठी आलेला चहा पिऊन उठल्या.

४

राहुटीवर सुदर्शन गुरुजी येऊन बसला होता. कुणीतरी मंचरला फोन केला होता आणि रविवार असल्यानं तो तसाच मोटारसायकलवर निघाला होता. चिमाबाईंना बघताच तो उठला.

"बाई, भागूनं आपला वग केला म्हणे! तुम्ही बेल्ह्याला गेला होता ना? लोक हसले का?"

"सांगते मागनं. आदी पानी प्या."

पाणी पिऊन झाल्यावर त्याला आठवलं. "पण दिला कुणी असेल त्याला?"

"तेच बघतीय. गुरुजी, तुमची प्रत कुटं हाय?"

"घरी. कपाटात."

"ती कुनाला वाचाया दिली व्हती?"

"कुणाला देणार? तुमच्या फडात तर कुणी हातसुद्धा लावला नाही." गुरुजी हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "बाई, राग मानू नका. माघात मी वाचला तो वग आणि तुमच्या तालमीत चालतो तो वग, यात माझं एक वाक्य जागेवर राहिलेलं नाही. जानकूभाऊ तर मी लिहिलेलं एक म्हणतात आणि स्वतःचे चार घुसडतात. मी त्यांना गमतीनं म्हटलंसुद्धा, मशीनच्या मते तुमची निम्मी बोलणी वाया आहेत."

"कदी म्हनला?"

"चार-पाच दिवस झाले असतील."

बाईंच्या मनात काहीतरी हललं. पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही आणि हौशीरामला हाक मारली.

हौशीराम उलटतपासणीला मुळीच तयार नव्हता. "बाई, पाकीट शफीनं चिकटवून दिलं, मी तसंच तुमच्या हातात ठेवलं. माज्यावर संशव? मीच तर खबर आनली!"

"खबर तर कोंबडाबी देतो," बाई म्हणाल्या. त्यांनी पेटी उघडून पाकीट काढलं. डिंकाची जोड जशीच्या तशी होती. पण वाटेत दुसरं पाकीट मिळायला नारायणगावात अडचण नाही, आणि झेरॉक्सचं मशीन तर शफीच्याच दुकानात. तिघांपैकी एकालाही सोडता येत नव्हतं.

मागं जानकूची ट्रंक भरून झाली होती. तिच्यावर तो लोकांकडं पाठ करून बसला होता. ढोलकीवाला, नाचणाऱ्या पोरी, सामान चढवणारे गडी सगळे त्याला वळसा घालून जात होते. ट्रक येऊन लागला होता.

चिमाबाईंनी पदर खोचला आणि थेट भागू गिरवलीकराच्या राहुटीकडं चालायला लागल्या.

५

राहुट्यांच्या त्या ओळीत एका फडाच्या मालकिणीनं दुसऱ्या मालकाच्या दारात भर हंगामात जाणं म्हणजे फार झालं. चहा पिणारे कमिटीवाले कप हातात धरून बघत राहिले. भागू उठून उभा राहिला. तसा तो लबाड असला तरी रीत पाळणारा माणूस होता.

"या बाई. बसा. शिव्या द्यायच्या असत्याल तर चहा पिऊन द्या."

"शिव्या देत न्हाई. वग तुला कुनी दिला तेबी इचारत न्हाई."

भागू सावध झाला. नाव विचारलं असतं तर त्यानं जन्मात सांगितलं नसतं. फडमालक आणलेल्या मालाचं नाव सांगत नसतो.

"तुजा सोंगाड्या आजारी हाय का रं?" चिमाबाईंनी विचारलं.

"का? चांगला धट्टाकट्टा हाय."

"मग बेल्ह्यात त्येचं तोंड कुनी शिवलं? आमच्या काळजात धडकी भरवनारा गडी, नि आज निसता खांबासारका उबा. बिबट्याला पुकारलं तेबी एकदाच. आरं, माझी शेंडेफळ नात पुकारंल तरी तीनदा पुकारंल. तुमी लोकं तमाशा इसरला का काय?"

हे भागूला झोंबलं. आपल्या फडाची चोरी काढलेली त्याला चालली असती, लायकी काढलेली चालली नाही. "आमी कशाला इसरतोय? त्यो गडी तर तीनदाच पुकारनार व्हता! पर अटच तशी व्हती, अक्षर हलवायचं न्हाई म्हनून..."

त्यानं जीभ चावली. पण बाण सुटून गेला होता.

"अट," चिमाबाई शांतपणे म्हणाल्या. "बरं. आता एकच सांग, नि ह्ये खरं सांग. जानकू तुज्याकडं कशाला आला व्हता?"

 भागूचा आवाज उतरला. "काम मागाया आला व्हता, बाई. म्हनला, आमच्या फडात आता माझं बोलनं नको झालंय, तुज्यात कुटं कोपरा असंल तर बघ. म्या सांगितलं, भर हंगामात मी कुनाचा गडी फोडत न्हाई. चहा पाजला नि पाठवून दिला. कुनाला सांगू नको म्हनला व्हता."

 चिमाबाई चहाचा कप तसाच ठेवून उठल्या.

६

त्यांनी फड गोळा केला. सतरंजी अंथरली. शफीलाही बोलावून घेतलं होतं. तो झेरॉक्सची शाई लागलेल्या हातांनीच येऊन बसला. जानकूला त्यांनी समोर बसवलं. ट्रकचा ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला.

"ऐका," चिमाबाई म्हणाल्या. "आपला वग गेला, पर आपल्या तोंडचा न्हाई गेला. आपन माघात ऐकला त्यात शिपाई तीनदा पुकारतो. बेल्ह्यात एकदाच पुकारलं. बाकीचे दोन पुकारे शफीच्या मशीननं खोडलेत, मी सोता बघून आले. म्हंजी वग गेला तो मशीनच्या कागदावरनं. त्यो कागद जानकूनं बघितलेला न्हाई. बघितला तो शफीनं. हाताळला हौशीरामनं. नि तिसरं गुरुजी."

हौशीराम काही बोलणार होता. बाईंनी हातानंच त्याला बसवलं.

"आता असं धरा का, शफीनं न्हाईतर हौशीरामनं कागद भागूला दिला. भागूच्या सोंगाड्यानं त्यो वाचून घेतला. त्यो गडी आपल्या जानकूच्या तोडीचा हाय. पुकारा आला का त्यो तीनदाच पुकारनार, आनि दहा गोष्टी पदरच्या घालनार. त्येच्या रगतातच हाय ते. मग त्यानं एकदाच का पुकारलं? कारन त्येला बांधून घातला व्हता. कागदावर हाय तसंच बोलायचं, अक्षर हलवायचं न्हाई. अशी अट चोर घालतो व्हय? चोर माल देतो नि पाय लावून पळतो. त्या मालाची भाजी केली का आमटी, त्येचं चोराला काय? अक्षर हलू नये म्हनून जीव कुनाचा तुटतो? ज्यानं त्ये अक्षर लिव्हलं त्येचा."

 सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"गुरुजी," बाई म्हणाल्या, "आज वग चोरला म्हनून कळल्यावर समद्यांनी मला इचारलं, कुनी चोरला. तुमी आदी इचारलं, लोक हसले का."

सुदर्शन गुरुजी उठून उभा राहिला. त्यानं नजर चुकवली नाही. "मीच दिला. एक रुपया घेतला नाही. मला एकदा, फक्त एकदा, मी लिहिलं तसं कुणीतरी म्हटलेलं ऐकायचं होतं. तुमच्या फडात ते कधी झालं नसतं. माझंच लिहिलेलं आहे, मग ही चोरी कशी, असं मी स्वतःला समजावलं. आणि मग बेल्ह्याला जायचा धीरच झाला नाही."

"इडा घेतला व्हता ना गुरुजी?" ढोलकीवाला म्हणाला.

"घेतला होता."

"न्हाई हसले," चिमाबाई म्हणाल्या. "तुमी इचारलं व्हतं म्हनून सांगते. एक मानूस हसला न्हाई. शेंगा खात बसले व्हते."

गुरुजी खाली बसला. त्या वेळी त्याच्याकडं बघवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही ते सांगताना आनंद झाला नाही.

"जानकूभाऊंवर येईल असं मला वाटलं नव्हतं," तो पुटपुटला.

"वाटाया पायजे व्हतं. वग आज पिंपळवंडीत लागनार. आमच्या तोंडानं. तुमी फुडं बसून शेवटपातुर ऐकायचा. त्येच्या बाद लिव्हायचं का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा." बाई जानकूकडं वळल्या. "जानकू, झालं बाबा. ऊठ. ट्रकात बस."

हौशीराम पुढं झाला, जानकूचा हात धरून म्हणाला, "भाऊ, चुकलं माझं." बाकीचेही उठले. वातावरण सैल झालं. कुणीतरी त्याची ट्रंक ट्रककडं न्यायला उचलली.

"ठेव ती खाली," जानकू म्हणाला.

तो उठला नव्हता.

"बाई, मी भागूकडं काम मागाया गेलो व्हतो. गुरुजी म्हनले, मशीन म्हनतंय का माझं निम्मं बोलनं वाया हाय. म्या इचार केला, आज मशीन म्हनतंय, उद्या बाई म्हनत्याल. त्ये ऐकायच्या आदी गेलेलं बरं. सांगायची लाज वाटली म्हनून बोललो न्हाई." त्यानं मान वर केली. "तुमी शोध लावला, लई उपकार झालं. पर तुमाला शोध लावावा लागला, बाई. वीस वरसं झाली. एकानंबी म्हनलं न्हाई का, जानकू असं करनार न्हाई."

  सकाळी चिमाबाईंनीच त्याला विचारलं होतं, वग दिलास का म्हणून. विचारताना त्यांना अर्धंअधिक खरंही वाटलं होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लागला. चुकलं."

"मला हितं सांगून काय उपेग?" जानकूचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सकाळपास्नं ह्या समद्या राहुट्यांत माझं नाव चोर म्हनून फिरतंय. गावोगावची मानसं चहासंगं पिऊन गेली ते. ती काय उद्या परत येनार हायेत, जानकू चोर न्हाई म्हनून ऐकाया? त्यांच्या कानावर घाला. न्हाईतर मी हितनं हालत न्हाई."

 चिमाबाई पिंपरीकरांनी आजवर ना कुठल्या पाटलाची माफी मागितली होती, ना फौजदाराची. हौशीराम हळूच म्हणाला, "बाई, मी जाऊन सांगतो ना राहुटीराहुटीत."

"तू सांगू नको. तू सांगितलंस म्हनून तर ह्ये झालं." बाईंनी पदर सारखा केला. "परचाराची जीप आन."

फडाच्या प्रचाराच्या जीपवर भोंगा बांधलेलाच होता. चिमाबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि जानकूला दंडाला धरून आपल्याजवळ बसवलं. जीप राहुट्यांच्या ओळीच्या पार टोकाला गेली आणि तिथून हळूहळू परत यायला लागली. बाईंनी माईक तोंडाशी धरला. तमाशाच्या सुरुवातीला गणाला लावतात तो आवाज त्यांनी लावला.

"मी चिमाबाई पिंपरीकर बोलते. माझ्या फडाच्या जानकू सोंगाड्यावर आज वग चोरल्याचा आळ आला. त्यो आळ खोटा हाय. त्यो माझ्या राहुटीतनं निघाला, नि मी त्यो निघू दिला. चूक माझी हाय. मी जानकूची माफी मागते."

पहिल्या राहुटीतली माणसं बाहेर आली. दुसऱ्या राहुटीतला मालक जेवता जेवता उष्ट्या हातानं दारात उभा राहिला. भागू गिरवलीकर खुर्चीवरून उठला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कमिटीवाल्यांचे चहा निवले. बाई प्रत्येक राहुटीपुढं जीप थांबवून पहिल्यापासून सगळं म्हणत होत्या, एक शब्द कमी न करता. जानकू समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होता आणि धोतराच्या सोग्यानं सारखं तोंड पुसत होता.

निम्मी ओळ झाल्यावर त्यानं हात पुढं केला आणि माईक खाली ओढला.

"बास बाई," तो म्हणाला. "आलं समद्यांच्या कानावर. आता चला, मला तोंड रंगवाया बसू द्या. उशीर व्हतोय."

"गप बस," चिमाबाई म्हणाल्या.  "आजून निम्म्या राहुट्या ऱ्हायल्यात."

त्यांनी माईक त्याच्या हातातून सोडवून घेतला आणि ड्रायव्हरला जीप पुढं घ्यायला सांगितली.